घड्याळात दोन, आकाशात बारा

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर आमची पहिली चूक झाली ती घड्याळ वाचण्यात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी, माझे पती, नऊ वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असे आम्ही चौघे मालागा शहराच्या पूर्वेकडील पेद्रेगालेखो या जुन्या कोळीवाड्यात दहा दिवसांसाठी उतरलो होतो. भर दुपारचे ऊन टाळायचे एवढे शहाणपण आमच्याजवळ होते, म्हणून बारा ते दोन घरात काढून, ऊन आता उतरणीला लागले असणार अशा समजुतीने आम्ही सव्वादोनला किनाऱ्यावर पोहोचलो. वाळू जवळजवळ रिकामी होती. बरे झाले, गर्दी नाही, असे मी म्हणालेही. चार वाजेपर्यंत मुलाचे खांदे लालबुंद झाले, आणि रात्री त्याला अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सोसवेना.

उलगडा नंतर झाला. मालागा हे ग्रिनिचच्या रेखावृत्तापासून सुमारे साडेचार अंश पश्चिमेला आहे. भूगोलाप्रमाणे इथले घड्याळ लंडनच्या बरोबरीने चालायला हवे. परंतु १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत ते एक तास पुढे करून मध्य युरोपच्या वेळेला जोडण्यात आले आणि पुढे तसेच राहिले. उन्हाळ्यात त्यात आणखी एका तासाची भर पडते. त्यामुळे जुलैमध्ये मालागात सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी साधारण दोन वाजून वीस मिनिटांनी. आम्ही सव्वादोनला गेलो, म्हणजे मुहूर्त साधूनच गेलो! पाच वाजताचे ऊन हे तिथे खरे तर दुपारी पावणेतीनचे ऊन असते, आणि सूर्य मावळतो तो रात्री साडेनऊनंतर.

एकदा हे गणित डोक्यात बसले की स्थानिक लोकांचे जेवण दोन ते चार या वेळेत का असते हेही आपोआप उमगते. उन्हाचा कडाका असताना ते सावलीत टेबलाशी बसलेले असतात, गार सूप पीत असतात, गप्पा मारत असतात, आणि वाळूवर राहतात ते आमच्यासारखे पाहुणे. तिसऱ्या दिवसापासून आम्ही त्यांचेच वेळापत्रक उचलले. सकाळी नऊ ते बारा समुद्र, त्यानंतर अंघोळ, दोन वाजता जेवण, चारपर्यंत सावली, मग वामकुक्षी, आणि साडेसहानंतर पुन्हा पाणी. उन्हापासून जपणे आणि नीट जेवणे या दोन गोष्टींसाठी दोन वेगळ्या याद्या करण्याची गरजच उरली नाही.

आपली कातडी सावळी, तिला ऊन बाधत नाही, हा समज मात्र घरीच ठेवून निघावे. सावळ्या कातडीला थोडे संरक्षण असते हे खरे, पण अंदालुसियातील, म्हणजे दक्षिण स्पेनच्या या प्रांतातील, जुलैच्या उन्हाला ते पुरत नाही. क्रीम किनाऱ्यावर पोहोचल्यावर नव्हे, तर घरातून निघताना लावावे आणि दर दोन तासांनी व पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे. कानांच्या पाळ्या, मानेची मागची बाजू आणि पायांचे वरचे भाग हमखास राहून जातात. भाजलेच तर हिरव्या क्रॉसचे औषधाचे दुकान गाठावे. तिथल्या औषधविक्रेत्या बाईंनी मुलाचे खांदे पाहिले, फोड आलेले नाहीत याची खात्री करून घेतली, एक मलम दिले आणि दोन दिवस उन्हात सदरा काढू द्यायचा नाही असे खडसावले. प्रत्येक भागात पाळीपाळीने एखादे दुकान रात्रीही उघडे असते आणि त्याचा पत्ता बाकीच्या दुकानांच्या दारावर लावलेला असतो.

आता समुद्राविषयी. इथे माझी समजूत अशी की लाटा मोठ्या म्हणजे धोका आणि पाणी शांत म्हणजे निर्धास्त. पाचव्या दिवशी सकाळी समुद्र ताटातल्या पाण्यासारखा निवांत होता, एकही लाट फुटत नव्हती, आणि तरीही जीवरक्षकाच्या मनोऱ्यावर पिवळा झेंडा फडकत होता. औषधाच्या दुकानाच्या हिरव्या क्रॉसवर सकाळी साडेदहालाच ३८ अंश दिसत होते. झेंडा कालचा काढायचा राहिला असेल, असे म्हणून मी मुलाला त्याच्या हवा भरलेल्या पिवळ्या गादीसकट पाण्यात सोडले. त्याने पाण्यात पाय घातला आणि किंचाळून मागे आला, कारण आदल्या दिवशी कोमटसर असलेले पाणी एका रात्रीत बर्फासारखे गार झाले होते. तेवढ्या क्षणात त्याच्या हातून सुटलेली गादी किनाऱ्याकडे येण्याऐवजी आत निघाली. घाईने नाही, अगदी सावकाश, कोणीतरी दोरीने ओढत असल्यासारखी. माझे पती तिच्यामागे दोन पावले गेले असतील, तोच शिट्टी वाजली आणि जीवरक्षकाने हात आडवा करून त्यांना जागीच थांबवले. गादी दहा मिनिटांत ठिपक्याएवढी झाली. ती गेली ते उत्तमच झाले. तिच्यावर मुलगा बसलेला असता तर काय, हा विचार मी आजही पुरा करत नाही.

त्या दिवशी सुटला होता तो तेरराल, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा. मालागाच्या मागच्या डोंगरांवरून खाली उतरताना तो तापतो आणि शहराला भट्टीत घालतो. समुद्रावर पोहोचला की वरचे ऊन खाल्लेले पाणी बाहेर लोटतो, आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी वर येते. म्हणून हवा जितकी तप्त, तितके पाणी गार, आणि किनारा जितका शांत दिसतो, तितका तरंगणाऱ्या वस्तूंना घातक. वारा पाठीवर येत असेल आणि तोंड समुद्राकडे असेल, तर हवा भरलेली कोणतीही वस्तू पाण्यात न्यायची नाही, एवढा एक नियम आम्ही तेव्हापासून पाळला. पश्चिमेला तारिफाच्या बाजूस याच्यापेक्षा जबरदस्त वारे असतात. पूर्वेकडून येणाऱ्याला लेवान्ते आणि पश्चिमेकडून येणाऱ्याला पोनिएन्ते म्हणतात, आणि तिथली माणसे दिवसाचा बेत त्या दिवशी कोणता सुटला आहे हे विचारूनच ठरवतात.

झेंड्यांची भाषा सोपी आहे. हिरवा म्हणजे पोहायला हरकत नाही, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे पाण्यात उतरायचे नाही. लाल झेंड्याकडे दुर्लक्ष केल्यास अनेक नगरपालिका दंडही करतात. जेलीफिशचे चित्र असलेला झेंडा वेगळा असतो. किनाऱ्याच्या प्रवेशाशी झळकणारा निळा झेंडा मात्र या मालिकेतला नव्हे. तो पाण्याची स्वच्छता आणि सोयीसुविधांसाठी वर्षभराकरिता मिळालेला मान आहे, आजच्या लाटांबद्दल तो काहीही सांगत नाही. पहिले दोन दिवस मी तोच पाहून समाधान मानत होते. जीवरक्षकाचा पहारा ठरावीक वेळेपुरता असतो आणि संध्याकाळी तो संपला की झेंडाही उतरतो. उजेड मात्र पुढे दीड-दोन तास टिकतो, आणि घोटाळा तिथेच होतो. त्या वेळेत आम्ही गुडघाभर पाण्यापलीकडे गेलो नाही. उघड्या किनाऱ्यावर आत ओढणारा प्रवाह लागलाच तर त्याच्याशी झुंजत सरळ किनाऱ्याकडे येण्याचा प्रयत्न करू नये. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला व्हावे आणि मगच वळावे. दमल्यास पाठीवर तरंगून हात उंचावावा. कोणत्याही अडचणीत फिरवायचा क्रमांक ११२, आणि तो मोफत आहे.

जेलीफिशचा प्रसाद आम्हाला मिळाला नाही, शेजारच्या छत्रीतल्या मुलीला मिळाला. तिच्या आजीने चटका बसलेली जागा समुद्राच्या पाण्यानेच धुतली. गोड्या पाण्याने उरलेल्या विषपेशी आणखी फुटतात, आणि टॉवेल किंवा वाळूने चोळल्यासही तेच होते. वाळूत दबा धरून बसणारा आणि पायाखाली आल्यास काटा खुपसणारा पेस आरान्या, म्हणजे कोळी (स्पायडर) मासा, याचा उपचार नेमका उलटा असतो. त्याच्या काट्याची वेदना, सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बराच वेळ बुडवून ठेवल्याने कमी होते. उथळ पाण्यात रबरी चपला घालणे हा त्याहून सोपा उपाय आहे.

त्याच आजीबाईंचे आणि आमच्या सासूबाईंचे, एकीला दुसरीचा एकही शब्द कळत नसताना, विलक्षण जमले. जेवणानंतर नातवंडांना दोन तास पाण्यात जाऊ द्यायचे नाही हा त्यांचा दंडक होता, आणि जाऊ देतानाही आधी मनगटे, मग मान आणि मग पोट भिजवायला लावत. सासूबाईंना तो आपल्याच घरचा नियम वाटला. भरल्या पोटी पोहल्याने पचन मोडते या जुन्या समजुतीला फारसा आधार नाही; पण उन्हाने तापलेले शरीर एकदम गार पाण्यात झोकून दिल्यास भोवळ येऊ शकते, हे खरे आहे. तेररालच्या दिवशी तर त्या मान भिजवण्याचे मोल मला पुरते कळले.

आणि आता ताटाकडे. पेद्रेगालेखो आणि त्याला लागून असलेल्या एल पालोच्या किनाऱ्यावर, चिरिंगितो म्हणतात त्या खाणावळींसमोर, वाळू भरलेल्या जुन्या होड्या ठेवलेल्या असतात आणि त्या होड्यांत लाकडे पेटवलेली असतात. पाच-सहा तारल्या एका वेताच्या किंवा लोखंडी सळईत ओवून ती सळई निखाऱ्यांच्या बाजूला वाळूत तिरकी खोचतात. यालाच एस्पेतो म्हणतात. भाजणारा माणूस वाऱ्याची दिशा पाहून सळई रोवतो, म्हणजे धूर माशावर न येता फक्त धग लागते. एक बाजू झाली की मनगटाच्या एका झटक्यात ती फिरवतो. मसाला काही नाही, जाडे मीठ तेवढे. मी आमच्या होडीजवळ अर्धा तास उभी होते. कातडी आधी चमकते, मग तिला फोड येतात, मग चरबीचा थेंब शेपटीवरून वाळूत पडतो, आणि तो थेंब पडला की काही क्षणांतच ताट आपल्यासमोर असते. काटेचमचे बाजूला ठेवून हातानेच खायचे, याचा मला मनापासून आनंद झाला. ज्या महिन्यांच्या स्पॅनिश नावात र नाही, त्या महिन्यांत तारली चरबीदार असते असे तिथे म्हणतात, आणि मायो, खुनियो, खुलियो, आगोस्तो असे उन्हाळ्याचे चारही महिने त्यात बसतात. आम्हाला एका सळईचे साडेचार युरो पडले.

तळलेल्या माशांत बोकेरोनला तोड नाही. हा आपल्या मांदेलीच्या गोतातला मासा असून मालागाच्या लोकांना त्याच्याच नावाने चिडवतात. नुसत्या पिठात घोळवून तळतात, काट्यासकट खातात. तोच मासा व्हिनेगरमध्ये मुरवून कच्चाही देतात आणि तिथे मात्र थोडे थांबावे. माशात आनिसाकिस नावाचा परजीवी जंत असू शकतो आणि व्हिनेगरने तो मरत नाही. म्हणूनच २००६ पासून स्पेनमध्ये कच्चा किंवा मुरवलेला मासा देणाऱ्या उपाहारगृहांवर तो आधी उणे वीस अंशांवर किमान चोवीस तास गोठवण्याचे बंधन आहे, आणि अनेक ठिकाणी तशी पाटी भिंतीवर दिसते. पाटी असलेल्या ठिकाणी आम्ही खाल्ला. एका घरगुती जेवणात यजमानीणबाईंनी स्वतः मुरवलेला पुढे केला तेव्हा गोठवला होता का हे विचारण्याचा संकोच केला नाही, आणि त्यांनाही त्यात वावगे वाटले नाही. अंड्याच्या मेयोनीजमधली बटाट्याची कोशिंबीर ही दुसरी जपण्याची गोष्ट. उपाहारगृहांना त्यासाठी निर्जंतुक केलेले अंडे वापरावे लागते. खरी भीती असते ती आपण डब्यात बांधून घेऊन तीन तास वाळूवर ठेवलेल्या त्याच पदार्थाची.

पैशांबाबत एकच अनुभव सांगते. फलकावर माशासमोर किमतीऐवजी बाजारभावाप्रमाणे अशा अर्थाची दोन अक्षरे दिसली, तर तो मासा किलोवर मोजला जाणार हे ओळखावे, आणि तो कापण्यापूर्वी वजन व एकूण रक्कम विचारून घ्यावी. आम्ही विचारले नाही. समुद्राकडे तोंड करून बसण्याच्या भरात एका माशाचे ५८ युरो मोजले, आणि तो चौघांत नव्हे, तिघांत खाल्ला गेला, कारण सासूबाई शाकाहारी. त्या उलट आतल्या गल्लीत कामकरी माणसांच्या गर्दीत मिळणारे मेनू देल दिया, म्हणजे पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि गोड किंवा कॉफी असे दुपारचे ठरीव जेवण, १४ युरोंत पोटभर झाले. नळाचे पाणी मागितले की ते मोफत द्यावे लागते, असा २०२२ चा कायदा आहे. आग्वा देल ग्रिफो एवढे म्हटले की पुरे.

शाकाहारी माणसाची स्पेनच्या किनाऱ्यावर उपासमार होते हे मी बऱ्याच जणांकडून ऐकले होते. तसे झाले नाही, पण डोळ्यांत तेल घालून राहावे लागले. पहिल्याच दिवशी एका कॅफेत सँडविच वेखेताल या नावावर विसंबून मागवलेल्या सँडविचमध्ये सॅलडच्या पानांखाली ट्यूना मासा निघाला. ते नाव तिथे मांस नाही एवढ्याच अर्थाने वापरतात, आणि मासा किंवा खामोन म्हणजे सुकवलेले डुकराचे मांस यांना पुष्कळदा मांसात धरतच नाहीत. सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त ताट सरकवले. त्यानंतर मी शाकाहारी हा शब्द सोडून दिला आणि कार्ने (मांस) नाही, पेस्कादो (मासा) नाही, आतुन (ट्यूना) नाही, खामोन नाही, अशी नावेच एकेक करून घेऊ लागले. पाठोपाठ विचारायचे ते तळणीचे तेल, कारण वांगी बहुधा माशाच्याच कढईत पडतात.

मात्र जे मिळाले ते अव्वल होते. बदाम, लसूण, पाव आणि ऑलिव्ह तेल वाटून केलेले, वर द्राक्षे घातलेले आहोब्लान्को हे पांढरे गार सूप मालागाचे खास. भर दुपारी दोन वाजता त्याची वाटी पुढे आली की बाहेरच्या उन्हाचा विसर पडतो. टोमॅटोचे गास्पाचो निर्धोक, पण त्याचा दाट भाऊ साल्मोरेखो खामोनचे तुकडे भुरभुरून येतो, म्हणून ते वगळायला आधीच सांगावे. आणि वांग्याचे तळलेले काप, त्यांवर मिएल दे कान्या. शब्दशः अर्थ उसाचा मध. सासूबाईंनी बोटाने चाखून पाहिला आणि म्हणाल्या, “अगं, ही तर काकवी!” ती काकवीच होती. नेर्खाच्या वरच्या अंगाला फ्रिखिलियाना गावात ती आजही उसापासून बनते. दहा दिवसांत त्यांनी ती वांगी सहा वेळा खाल्ली, प्रत्येक वेळी तेलाची चौकशी करून.

पाएया या भाताच्या पदार्थाबद्दल थोडेच, कारण तो मालागाचा नव्हे, व्हॅलेन्सियाचा. अस्सल व्हॅलेन्सियन प्रकारात कोंबडी, ससा आणि शेंगा असतात, मासे नसतात. बुडाशी लागलेल्या खरवडीला तिथे सोकार्रात म्हणतात आणि तिच्यासाठी भांडणे होतात. कुठेही खा, दुपारीच खा, आणि ताजी करून वाढायला वेळ लागेल असे सांगणाऱ्या ठिकाणी खा. छापील रंगीत फोटोंचा फलक बाहेर लावून दहा मिनिटांत हजर होणारा पिवळा भात मी तरी पुन्हा मागवणार नाही.

एक सकाळ आतारासानास मंडईसाठी राखून ठेवावी. चौदाव्या शतकात इथे मुस्लिम राजवटीची जहाजगोदी होती आणि तिची संगमरवरी कमान आजही मंडईचे प्रवेशद्वार आहे. माशांच्या गाळ्यांवर प्रत्येक ढिगासमोर तो कोणत्या सागरी विभागात आणि कशाने पकडला हे लिहिलेले असते. ते दोन दिवस नीट वाचले, की खाणावळीत ताजा म्हणून काय खपवले जात आहे याचा अंदाज येऊ लागतो. फळांच्या गाळ्यावर आंबे पाहून मुलगा धावला, पण ते परदेशातून आलेले होते. मालागाच्या पूर्वेकडील बागांतला आंबा पिकू लागतो तो उन्हाळा सरता सरता. गर्दीच्या त्या गल्ल्यांत पिशवी पुढे धरावी, आणि किनाऱ्यावर तर पासपोर्ट नेऊच नये. आम्ही चौघे कधीही एकाच वेळी पाण्यात गेलो नाही. सामानाजवळ राहण्याची पाळी बहुधा सासूबाईंची असे, आणि ती त्यांनी आनंदाने स्वीकारली होती, कारण त्यांची छत्री कॉफीच्या टपरीला लागूनच होती.

मालागात कॉफीत दूध किती हवे त्यावरून तिला वेगवेगळी नावे आहेत. जेमतेम कॉफी आणि बाकी सगळे दूध म्हणजे नुबे, अर्थात ढग. त्याहून किंचित गडद म्हणजे सोंब्रा, अर्थात सावली. शेवटच्या दिवशी चारच्या सुमारास आम्ही जेवून परतलो तेव्हा बाहेर अजून भाजत होते आणि मुलगा पाण्यात जाण्यासाठी हट्ट करत होता. सासूबाईंनी त्याला हाताला धरून शेजारी बसवले, टपरीवाल्याकडे दोन बोटे वर केली आणि मोठ्या ठसक्यात म्हणाल्या, “दोस सोंब्रास.” एक त्यांच्यासाठी होती, दुसरी माझ्यासाठी; नातवाला त्यांनी गार दूध मागवले आणि साडेसहा वाजेपर्यंत हलू दिले नाही.